गोव्यात सहा दिवस सायकलवर: किनारा सोडा, पूर्वेकडे वळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे चौघे, वयं पंचेचाळीस ते साठ, दर रविवारी पानशेत किंवा सिंहगड करणारे. तिघांच्या साध्या गिअरच्या सायकली, एकाची ई-सायकल. डिसेंबरात सहा दिवस हातात आहेत. पत्रादेवीहून गोव्यात शिरून किनाऱ्याकिनाऱ्याने पाळोळ्यापर्यंत जायचं, रोज ऐंशी किलोमीटर, आणि मधे ‘एखादं छानसं हिल स्टेशन’ घ्यायचं असा बेत आहे. तो जमेल का, असं विचारलंय.

मी फोंड्यात राहते आणि हिवाळाभर छोटे गट घेऊन सायकलवर फिरते. तेव्हा आधीच सांगते: जमेल, पण मजा येणार नाही. गोव्याच्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेला समुद्रात जातात. त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता दर थोड्या अंतरावर एखाद्या नदीच्या मुखाशी येऊन संपतो. मग पुलासाठी आत वळावं लागतं, आणि मोठे पूल बहुतेक राष्ट्रीय महामार्ग 66 वर आहेत. म्हणजे समुद्रकाठाने जातोय असं म्हणत निम्मा वेळ कंटेनर आणि भाड्याच्या गाड्यांच्या धुरात जातो. भाड्याची गाडी चालवणारा पाहुणा रस्त्याकडे कमी आणि फोनमधल्या नकाशाकडे जास्त बघतो, हे डिसेंबरात कळंगुट-हणजुणे पट्ट्यात एक फेरी मारलीत की पटेल.

ऐंशी किलोमीटरचं म्हणाल तर पुण्याचे ऐंशी वेगळे आणि इथले वेगळे. दोन नद्यांच्या मधे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट पठार, असतो. नदीकाठच्या सखल खाजनातून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतून, सड्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, पुन्हा पाणी, पुन्हा चढ. एकेक चढ ऐंशी-शंभर मीटरचाच, पण अंगावर येणारा. त्यात हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. डिसेंबरात सकाळी विशीच्या आसपास तापमान असतं आणि दुपारी बत्तीस-तेहतीस. म्हणून सामानासकट रोज चाळीस, फार तर पन्नास किलोमीटर धरा, तेही दुपारी बाराच्या आत संपतील असे.

आणि हिल स्टेशन. माथेरान-महाबळेश्वरसारखं गाव गोव्यात नाही. डिचोली, साखळी, वाळपई, सांगे ही सगळी गावं डोंगराच्या पायथ्याशी वसलेली आहेत. डोंगर त्यांच्या पाठीशी असतो, पायाखाली नसतो. खऱ्या अर्थाने उंचावर जायचं तर चोर्ला घाट चढायचा. माझ्या मते तुमच्या सहलीचा कणा तोच असावा. बाकीचे दिवस त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवू.

आता वार. हे लोक लक्षात घेत नाहीत, आणि गोव्यात आतल्या भागात सायकल चालवायची तर तारखेपेक्षा वार महत्त्वाचा. चोर्ल्यावर शनिवार-रविवारी बेळगावकडून गाड्यांची रांग लागते, म्हणून घाट आठवड्याच्या मधल्या दिवशी हवा. उलट कुळे, सावर्डे, सांगे हा खाणपट्टा. 2012 साली खाणी बंद झाल्या, मधे सुरू होऊन 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आणि आता लिलाव झालेले ब्लॉक टप्प्याटप्प्याने चालू होताहेत. खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक सुटतात, त्यांच्यामागची तांबडी धूळ दाताखाली येते. रविवारी ते सहसा नसतात. तेव्हा मंगळवारी रात्री पुण्याहून बस पकडा. बुधवारी पणजी, शुक्रवारी चोर्ला, रविवारी खाणपट्टा, सोमवारी मडगाव. एवढं जुळलं की अर्धं नियोजन झालं.

तारखांचंही बघा. 3 डिसेंबरला जुने गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त असतं आणि त्याआधीचे नऊ दिवस तिथे नोव्हेनाच्या प्रार्थना चालतात, म्हणजे गर्दी. नाताळच्या आठवड्यापासून नव्या वर्षापर्यंत खोल्यांचे भाव आणि गर्दी दोन्ही हाताबाहेर. डिसेंबरचा दुसरा आठवडा उत्तम, नाहीतर सरळ जानेवारीत या.

पहिला दिवस मुद्दाम हलका ठेवा. रात्रभर बसमध्ये अवघडलेली कंबर आणि नवीन हवा, त्यात मोठेपणा नको. पणजीला सायकली जोडा, चहा घ्या आणि रायबंदरचा जुना रस्ता धरा. पणजी आणि रायबंदरच्या मधला तीनेक किलोमीटरचा बांधवजा पूल पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची जागा, आणि चढ औषधालाही नाही. सकाळी साडेसातच्या आत तिथून निघा, नंतर ऑफिसच्या गाड्या सुरू होतात. पुढे रायबंदरहून किंवा जुने गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जायचं.

फेरीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण पुणेकरांना तिची सवय नसते. फेरी लागली की पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते आणि सगळे एकदम सुटतात: स्कूटर, गाड्या, मासळीची टोपली घेतलेली बाई. तुम्ही घाई करू नका, कडेला थांबा, उतरणारे उतरू द्या. ओहोटी असेल तर धक्क्याच्या उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो. तिथे सायकलवरून उतरायचं, एक हात ब्रेकवर, आणि पेडलला अडकणारे क्लीटचे बूट असतील तर ते आधीच पिशवीत. आत गेल्यावर सायकल कठड्याला टेकवून धरून उभं राहा. स्टँडवर सोडली तर फेरी काठाला टेकताना जो धक्का बसतो त्यात ती शेजारच्याच्या गाडीवर पडते, आणि मग गोव्यातला पहिला संवाद भलत्याच विषयावर होतो.

दिवाडीवर एक रात्र राहाच. बेटाला पूल नाही, म्हणून वाहनं मोजकी. पिएदादची टेकडी हा बेटावरचा एकमेव चढ, वर चर्च आहे आणि तिथून जुने गोव्याचे सगळे मनोरे दिसतात. संध्याकाळी खाजनाच्या बांधांवरून फिरा. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध आणि त्यात लाकडी दारांची मानस, म्हणजे झडपा, अशी ही जुनी व्यवस्था आहे. डिसेंबरात भातकापणी झालेली असते, पाणथळीत बगळे उभे असतात. बांध अरुंद आणि भुसभुशीत असतो. शेतकरी दिसला तर विचारून पुढे जा, मुकाट घुसू नका. सकाळी भोंगा वाजवत पदेर, म्हणजे पाववाला, येईल, तोही सायकलवरच. त्याच्याकडून गरम पोया, म्हणजे गव्हाचे पाव, घ्या, चार जास्तीच्या घ्या, दुसऱ्या दिवशी वाटेत उपयोगी पडतात.

गुरुवारी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी. पलीकडे उतरलात की थोड्याच अंतरावर सप्तकोटेश्वराचं देऊळ. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणजे तुम्ही देवाच्याच वाटेने नदी ओलांडता. ही फेरी काही कारणाने बंद असली तर रायबंदरहून चोडणला जाऊन मये मार्गे डिचोली गाठता येते, तोही रस्ता चांगला आहे आणि वाटेत सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. डिचोलीहून साखळी, साखळीहून केरी किंवा वाळपई. हरवळ्याची लेणी आणि धबधबा साखळीजवळच आहेत, वेळ असेल तर बघा. मुक्काम शक्यतो केरीच्या आसपास करा, म्हणजे शुक्रवारी पायथ्याशीच असाल. केरी-वाळपईच्या या सत्तरी तालुक्यात लॉज मोजके, घरगुती मुक्काम बरे. फोनवर ठरवताना रात्रीच्या जेवणाचं आणि पहाटेच्या चहाचं स्पष्ट विचारून घ्या. ‘बघू’ म्हणाले तर दुसरं घर बघा.

आता चोर्ला. सगळं सामान मुक्कामी ठेवून रिकाम्या सायकलने चढायचा. केरीच्या अंजुणे धरणाला वळसा घालून रस्ता वर लागतो आणि दहा-बारा किलोमीटरमध्ये सहाशे-सातशे मीटर उंची गाठतो. सिंहगड चढणाऱ्याला हा घाट अवघड नाही, सिंहगडाचा चढ याहून उभा आहे. अवघड आहे ते ऊन. पण इथे सह्याद्री आपल्याला एक सवलत देतो. घाट पश्चिमेच्या उतारावर आहे, त्यामुळे सूर्य उगवला तरी बराच वेळ डोंगरामागे असतो आणि रस्ता सावलीत राहतो. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास. पुरेसं उजाडलं की साडेसहा-पावणेसातला निघालात तर नऊपर्यंत वर पोचता आणि उन्हाशी गाठच पडत नाही. नाश्ता-बिश्ता करून साडेआठला निघालेल्यांचा घाट वेगळाच असतो, तेवढ्याच रस्त्यावर त्यांचं पाणी दुप्पट संपतं. हाच हिशोब कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही घाटाला लावा.

चढताना सगळ्यांनी एकत्र राहायचा अट्टहास नको. ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं, ठरलेल्या वळणावर थांबावं. ई-सायकलवाल्याने जास्त जोराचा मोड सुरुवातीलाच लावू नये. बॅटरी घाटात संपली तर पंचवीस किलोचं धूड पायाने ओढायचं आहे. वर पोचल्यावर हवा बदलते, झाडी बदलते, आणि गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक एकमेकांना टेकतात. सुर्ला गावाकडे फाटा जातो. पठारावरचं हे गाव गोव्याचंच, पण जायचं कर्नाटकातून. पाय शिल्लक असतील तरच तिकडे वळा. चोर्ला गावात चहा घ्या आणि आल्या वाटेने उतरा. उतारावर दोन्ही ब्रेक आलटून पालटून, सतत दाबून नाही. वळणावर आतली बाजू ट्रकला सोडा, तो ती घेतोच. टेम्पोने वर जाऊन फक्त उतार करायची कल्पना काहीजण काढतात. मला ती आवडत नाही. न चढता केलेल्या उतारात वेग आणि रहदारी एवढंच हाती लागतं.

सत्तरीचं एक सांगायला हवं. 2015 पासून इथल्या काही गावांत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. गोचिडीतून पसरणारा हा आजार डिसेंबरनंतर उन्हाळ्यापर्यंत डोकं वर काढतो. घाबरून बेत बदलू नका, रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला फारसा धोका नाही. पण विश्रांतीला काजूच्या बागायतीत पाचोळ्यावर आडवं होणं टाळा, मेलेलं माकड दिसलं तर लांबून जा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत तडकाफडकी ताप चढला तर डॉक्टरांना सत्तरीत गेलो होतो हे सांगा.

शनिवारी वाळपईकडून आतल्या रस्त्याने तांबडी सुर्ला, वाळपईपासून वीस-बावीस किलोमीटर. हे तांबडी सुर्ला पायथ्याचं आणि कालचं सुर्ला पठारावरचं. नकाशात नुसतं ‘सुर्ला’ टाकाल तर फोन तुम्हाला पुन्हा घाट चढवेल. इथलं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या पाषाणाचं. गोव्यातली बाकीची बहुतेक जुनी देवळं नंतर बांधलेली, हे जंगलाच्या आडोशाने वाचलं. सकाळी नऊच्या आत गेलात तर शांत सापडेल, नंतर गाड्या येतात. तिथून बोळकर्ण्यावरून मोले. मोल्याचं जंगल अंधार पडला की सायकलस्वाराचं राहत नाही. गवे रस्त्यावर येतात, आणि हजार किलोचा गवा दिव्याने बिथरतो. सूर्यास्त सहाच्या सुमारास, साडेपाचला खोलीत असा. दूधसागरला सायकलने जाता येत नाही. कुळ्याहून परवान्याच्या जीप जातात. रेल्वे रुळावरून चालत जायचं कुणी सुचवलं तर त्याला मनाई आहे हे लक्षात ठेवा. अनमोड घाटाचंही मनात आणू नका, तो महामार्ग आहे आणि रात्रंदिवस ट्रक चालतात.

रविवारी कुळे, काले, सावर्डे, सांगे असं खाली या, पन्नासच्या आसपास होतील. साळावलीच्या धरणाला वळसा घाला. बदकाच्या चोचीसारखा गोल सांडवा तिथे आहे, पण पाणी पडताना पाहायचं तर पावसाळाच हवा. या धरणात कुर्डी गाव बुडालं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी ओसरलं की गावाचे अवशेष वर येतात आणि पांगलेले गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. तुमच्या डिसेंबरात नुसतं पाणी दिसेल. मुक्काम रिवण किंवा नेत्रावळीला, दोन्हीकडे कुळागरात, म्हणजे सुपारी-माडांच्या बागायतीत, राहायची सोय होते. नेत्रावळीच्या गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे, संध्याकाळी पायऱ्यांवर बसा. फोनला रेंज असेलच असं नाही, घरी आधीच कळवून ठेवा.

सोमवारी रिवणजवळच्या उसगाळीमळला जाऊन कुशावतीच्या काठची कातळशिल्पं पाहा. जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं चित्र कोरलंय. ती सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात, डोक्यावर ऊन आलं की रेषा विरून जातात. मग केपे, पारोडा, चांदर, मडगाव. सगळं चाळीस-पंचेचाळीस, शेवटचा भाग सपाट. पाळोळे यात नाही, मला माहीत आहे. ते घालायचं तर आणखी दोन दिवस काढा: असोळणा, बेतूल, काब द राम, आगोंद असा चढउतारांचा पण देखणा रस्ता आहे, आणि परतीला काणकोण स्टेशन. महामार्गाचा करमल घाट सायकलला नको, अरुंद आहे आणि मागून येणाऱ्याला वळणापलीकडचे तुम्ही दिसत नाही.

खाण्याचं फार कठीण नाही. सकाळी सहा-साडेसहाला गावातली हॉटेलं उघडतात, पातळ भाजी आणि पाव, वर एखादं मिरचीचं भजं. दुपारी एक ते चार दुकानं बंद, ही सवय गोव्याने सोडलेली नाही. तेव्हा जेवण साडेबाराच्या आत उरका किंवा सोबत ठेवा. सोलांचं पाणी कुठेही मागा, मीठ घालून मागा. माणशी दोन बाटल्या कायम भरलेल्या. उर्राकाची, म्हणजे काजूच्या हलक्या दारूची, चौकशी तुमच्यापैकी कुणीतरी करेलच: ती उन्हाळ्यात निघते, डिसेंबरात मिळाली तर ती उर्राक नव्हे.

सायकलचं. मागे किमान चौतीस दात्यांची चकती हवी, पुढे लहान चकती असेल तर उत्तम. टायर पस्तीस ते चाळीस मिलिमीटरचे, रस्त्याच्या कडेला जांभ्याची बारीक खडी असते आणि बारीक टायर तीत फसतो. निघण्याआधी ब्रेक पॅड नवे घाला. तुमच्यापैकी कुणाच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा. वाळपई-सांग्याच्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलची नळी असते, ती बारीक व्हॉल्व्हवर बसत नाही, आणि पाच-दहा रुपयांच्या त्या तुकड्यावाचून उरलेला दिवस हातपंपावर काढावा लागतो. प्रत्येकाने दोन ट्यूब, एकाने चेनची जोडकडी, आणि ज्याच्या त्याच्या सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, मित्राचा चालत नाही. सायकलचं खरं दुकान पणजी, फोंडा, मडगाव इथेच मिळेल.

शेवटी ने-आण. बसमध्ये पुढचं चाक काढून सायकल डिकीत आडवी जाते, क्लीनरशी पैसे आधी ठरवा, डिरेलरची बाजू वर ठेवा आणि चेनवर जुनं फडकं बांधा. डिकी भरायच्या आधी अर्धा तास पोचा. सुटायच्या वेळी गेलात तर सायकल बॅगांवर फेकली जाते. रेल्वेने परतायचं तर मडगावच्या पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी फोन करून गाडीला लगेज व्हॅन आहे का आणि सायकल त्याच गाडीने चढेल का हे विचारा. कधी ती मागच्या गाडीने येते आणि तुम्ही पुणे स्टेशनवर दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा घालता. ई-सायकल बसनेच आणा. विमानात तेवढी मोठी बॅटरी घेत नाहीत.